पोर्तोचं सेमिस्टर आणि पाच ‘एबी’

जानेवारी २०२५, दुसरा आठवडा. रात्री साडेनऊला ताईचा फोन आला, आवाज असा की मला वाटलं घरात कोणाचं तरी काहीतरी झालं. "अरे, पोरगी पाची विषयांत नापास झाली." मी म्हटलं कुठली पोरगी, ती तर पोर्तुगालात आहे. "तीच. ग्रुपवर रिझल्ट आलाय." मग पीडीएफ पाठवली. सेमिस्टर तीन, तिचा सीट नंबर, आणि पाचही विषयांसमोर एबी, एबी, एबी, एबी, एबी. एबी म्हणजे ॲब्सेंट. खाली एफ, म्हणजे फेल.

भाचीला फोन लावला तेव्हा तिकडे दुपारचे चार वाजले होते आणि ती लायब्ररीत बसून दुसऱ्या दिवशीच्या पेपरचा अभ्यास करत होती. म्हणजे एकीकडे मुलगी परीक्षा देतेय आणि दुसरीकडे तीच मुलगी परीक्षेला गैरहजर म्हणून नापास, आणि दोन्ही कागद खरे.

मी हे सगळं लिहितोय कारण मी स्वतः परीक्षा विभागात काम करतो. तिच्या नव्हे, गोव्यातल्याच दुसऱ्या एका संस्थेत, चौदा वर्षं झाली. खिडकीच्या आतल्या बाजूला बसणारा माणूस आहे मी. आणि तरी या प्रकरणात दोन चुका माझ्याच सल्ल्याने झाल्या, त्या पुढे येतीलच. तिच्या संस्थेचं नाव घेत नाही, पोर्तोमधल्या संस्थेचंही घेत नाही, आणि पोरीचंही नाही. नावांनी फरक पडत नाही, यातलं बरंचसं कुठेही घडू शकतं.

पोरगी पेडण्यातल्या आगरवाड्याची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, शापोरा नदीच्या काठाला तिथे मिठागरं आहेत, भावोजींच्या घरचाही एक तुकडा आहे. आता त्यातून पोट भरत नाही पण सोडवतही नाही, अशातली गत. ती एमएस्सीला, समुद्र आणि किनाऱ्याच्या पर्यावरणाचा विषय, आणि डेझर्टेशन, म्हणजे शेवटचा संशोधनाचा प्रबंध, मिठागरांच्या पाण्यातल्या जीवांवर करायचं हे तिनं पहिल्या वर्षीच ठरवलं होतं. २०२४ च्या फेब्रुवारीत डिपार्टमेंटला नोटीस लागली की एका पोर्तुगीज संस्थेबरोबर करार आहे, एक सेमिस्टर तिकडे, दोन जागा. अर्ज केला एकटीनंच. बाकीच्या पोरांना खर्चाची भीती होती आणि खरं सांगायचं तर ती खोटी नव्हती.

करार असा होता की फी आपल्याकडेच भरायची, तिकडची ट्यूशन माफ, राहणं-खाणं-विमान सगळं आपलं. स्कॉलरशिप नाही. एक्सचेंज म्हटलं की लोकांना वाटतं सरकार पाठवतं, युरोपच्या इरास्मसमधून पैसे मिळतात वगैरे, तशी योजना आहे खरी, १९८७ पासून चालू आहे आणि २०१५ पासून युरोपबाहेरच्या पोरांसाठीही उघडली, पण त्यासाठी दोन्ही संस्थांनी मिळून आधी प्रोजेक्ट मंजूर करून घ्यावा लागतो. इथे तसं काही नव्हतं. साधा फी-माफीचा करार. पाच महिन्यांचा हिशेब तिकीट, व्हिसा धरून साडेचार ते पाच लाखांच्या मध्ये गेला, युरो तेव्हा नव्वदीच्या वर होता. निम्मे पैसे क्रेडिट सोसायटीचे, उरलेले भावोजींच्या एफडीतले.

कागदांतला मुख्य कागद म्हणजे लर्निंग ॲग्रीमेंट. तिकडे कुठले विषय घेणार, प्रत्येकाचे किती क्रेडिट (विषय केवढा ते मोजायचं माप), आणि ते इथल्या कुठल्या विषयाच्या जागी धरायचे, अशी दोन बाजूंची टेबलं असतात आणि खाली तीन सह्या. विद्यार्थी, इथली संस्था, तिथली संस्था. युरोपात क्रेडिट ईसीटीएस नावाच्या त्यांच्या पद्धतीत मोजतात, वर्षाला ६०, म्हणजे सेमिस्टरला ३०. आमच्याकडे सेमिस्टरला २०. तिनं तिकडचे पाच विषय निवडले, प्रत्येकी ६, आणि समोर इथले पाच लिहिले, प्रत्येकी ४. तीस बरोबर वीस. दिसायला एकदम सुबक. जूनमध्ये एचओडींची, म्हणजे विभागप्रमुखांची, सही झाली, शिक्का बसला, तिनं मला फोटो पाठवला आणि मी लिहिलं, "झालं मग, आता काळजी नाही." ही माझी पहिली चूक.

का, ते सांगतो. एचओडींनी सही केली म्हणजे डिपार्टमेंटला कळलं. परीक्षा विभागाला त्यातलं काहीच कळलेलं नव्हतं. आमच्याकडे नियम सोपा असतो, ज्याचा परीक्षा फॉर्म आणि फी आली आहे तो सेमिस्टरला बसलेला आहे. आणि तिनं जुलैमध्ये सेमिस्टर तीनची फी भरली होती, भरणारच, करारातच होतं. सिस्टीमने आपसूक पाच विषय तिच्या नावावर टाकले. ती सप्टेंबरपर्यंत वर्गात बसली, ऑगस्टमध्ये स्टॅटिस्टिक्सची एक आयएसएसुद्धा दिली, म्हणजे सेमिस्टरमधली अंतर्गत परीक्षा. मग नोव्हेंबरात लेखी परीक्षा झाल्या, ती नव्हती, एबी. ज्या क्लार्कने ती शीट बनवली त्याने काहीही चुकीचं केलं नाही. मीही तेच केलं असतं. फक्त जुलैमध्ये कोणीतरी एक अर्ज द्यायला हवा होता की ही मुलगी या सेमिस्टरला बाहेर आहे, हिचे पाच विषय काढा. तो कोणी द्यायचा हे कुठे लिहिलेलंच नव्हतं. पोरीला वाटलं डिपार्टमेंट देईल, डिपार्टमेंटला वाटलं इंटरनॅशनल सेल देईल, आणि इंटरनॅशनल सेल म्हणजे एक सर, त्यांच्याकडे एनएसएस पण.

यात भर कॅलेंडरची. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि याबद्दल कोणी बोलत नाही. आपलं सेमिस्टर जुलै ते नोव्हेंबर, मग पुढचं जानेवारी ते मे. त्यांचं पहिलं सेमिस्टर सप्टेंबरच्या मध्यावर सुरू होतं, ख्रिसमसपर्यंत वर्ग, जानेवारीत परीक्षा, आणि जानेवारी अखेर ते फेब्रुवारीत रेकुर्सो, म्हणजे ज्यांची राहिली किंवा ज्यांना मार्क वाढवायचे त्यांची पुन्हा संधी. म्हणजे गोव्याची मुलगी तिकडे एक सेमिस्टर गेली तर इथली दोन मोडतात, आधीचं अर्धं वाया जातं आणि पुढच्याचे पाच-सहा आठवडे बुडतात. उन्हाळी सेमिस्टरला गेली तर फेब्रुवारी ते जुलै, तेही दोन्हीकडून लंगडं. कुठल्याही बाजूने बसवा, नीट बसत नाही. ज्यानं करार केला त्यानं ही दोन कॅलेंडरं एकमेकांशेजारी ठेवून बघितली नव्हती असं माझं स्पष्ट मत आहे.

व्हिसाचं त्यामानाने ठीक गेलं, पणजीतच अर्ज देता आला, मुंबईला हेलपाटे पडले नाहीत. नव्वद दिवसांच्या वरचा मुक्काम म्हणून शेंगेनचा साधा व्हिसा चालत नाही, तात्पुरत्या मुक्कामाचा, वर्षाच्या आतला असतो तो घेतला. पोलीस क्लिअरन्स, इन्शुरन्स, राहायच्या जागेचा पुरावा, आणि खात्यात पैसे. पैसे किती दाखवायचे त्याला त्यांच्या किमान वेतनाचं माप लावतात, २०२४ ला ते महिना ८२० युरो होतं.

आणि याच वेळी घरात तो दुसरा विषय निघाला, जो गोव्यात निघतोच. भावोजींचे वडील १९६१ च्या आधी जन्मलेले. म्हणजे १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेला माणूस, त्याची मुलं, नातवंडं, यांना पोर्तुगीज नागरिकत्वाची नोंद करता येते. शेजारचा एकजण अगदी गळ्यात पडला, "व्हिसा कसला काढतेस गो, पासपोर्टच काढ." मी तिथे जरा आवाज चढवून बोललो. एक तर ते काम चार-सहा महिन्यांत होत नाही, आणि दुसरं, भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, ते घेतलं की हे गेलं. पाच महिन्यांच्या अभ्यासासाठी आयुष्यभराचा निर्णय घ्यायचा नसतो. ज्याला घ्यायचाय त्यानं जरूर घ्यावा, पण वेगळा बसून.

चवथ त्या वर्षी ७ सप्टेंबरला होती. तिकडचे वर्ग १६ ला. दीड दिवसाचा गणपती पोचवला, माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेली, फळं उतरवून वाटली, आणि १० तारखेला ती मोपा विमानतळावरून मुंबई, तिथून दुबई, तिथून लिस्बन, पुढे ट्रेनने पोर्तो. बॅगेत सोलां (आमसुलं), उकडे तांदूळ, कुळथाचं पीठ, आणि आईच्या हट्टाने नेवऱ्या (करंज्या). नेवऱ्यांचा दुबईपर्यंत चुरा झाला होता म्हणे.

आता पोर्तो. पहिल्याच आठवड्यात कळलं की ज्या पाच विषयांवर सह्या झाल्यात त्यातले दोन पोर्तुगीजमधून शिकवतात. वेबसाईटवर लिहिलं होतं इंग्रजीत मार्गदर्शन मिळेल. त्याचा अर्थ असा निघाला की वर्ग पोर्तुगीजमध्ये, आणि सरांना नंतर केबिनमध्ये भेटलात तर ते इंग्रजीत समजावतील. फसवाफसवी नव्हती, वाचण्यातला घोळ. हे दोन विषय म्हणजे डेटा ॲनालिसिस आणि सागरी प्रदूषण. डेटा ॲनालिसिस समोर इथला स्टॅटिस्टिक्स लिहिला होता, आणि स्टॅटिस्टिक्स हा आमच्याकडे कोअर, सक्तीचा. त्याच्याशिवाय डेझर्टेशनची व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, नाही.

तिनं काय केलं, प्रदूषणाच्या जागी पर्यावरण परिणाम मूल्यांकनाचा विषय घेतला, तो इंग्रजीत होता. आणि डेटा ॲनालिसिसच्या जागी पोर्तुगीज भाषा आणि संस्कृती. तिकडच्या कोऑर्डिनेटर बाईंनी बदलाच्या फॉर्मवर सही केली, ॲग्रीमेंटला अशा बदलांसाठी वेगळा भागच असतो, आणि सांगितलं की तुमच्या संस्थेची सहीसुद्धा आणा. तिनं इथे एचओडींना मेल केली. उत्तर आलं, एका ओळीचं, ओके, प्लीज प्रोसीड. सही नाही, फॉर्म परत नाही. तिनं मला विचारलं, "मामा, मेल चालेल का?" मी म्हटलं लेखी आहे ना, चालेल, प्रिंट काढून ठेव. ही दुसरी चूक, आणि ही पहिलीपेक्षा मोठी, कारण मी रोज लोकांना खिडकीवरून परत पाठवतो ते याच कारणासाठी. मेलला इनवर्ड नंबर, म्हणजे आवक नोंदीचा नंबर, नसतो. ज्याला इनवर्ड नंबर नाही तो कागद आमच्या दृष्टीने आलेलाच नाही. हे मला माहीत होतं आणि भाचीच्या वेळी मी विसरलो, कारण त्या दिवशी मी क्लार्क नव्हतो, मामा होतो.

भाषेचा विषय घेतला म्हणून नंतर तिला सगळ्यांनी नावं ठेवली, अगदी ताईनेसुद्धा. मी ठेवणार नाही. पाच महिने ज्या गावात राहायचं तिथली भाषा शिकणं यात मूर्खपणा काय. आणि तिला त्यातून मजा आली ती वेगळीच. पहिल्या तासाला बाईंनी वर्गातल्या वस्तू दाखवल्या, जनेला, कादेरा, मेझा, आणि ही पोरगी हसायलाच लागली, कारण घरी आजी खिडकीला जनेल म्हणते, खुर्चीला कदेल, टेबलाला मेज. तवाल, इस्कोल, चावी, पाव, पगार. अर्धा वर्ग ब्राझीलच्या किंवा इटलीच्या पोरांचा आणि त्यांना कळेना ही कोण पेडण्याची, जिला शब्द येतात पण वाक्य येत नाही. वाक्य मात्र खरंच जड गेलं. पोर्तोचे लोक स्वर गिळून बोलतात, लिहिलेला शब्द आणि ऐकलेला शब्द यांची ओळखच पटत नाही.

खोलीचं भाडं महिना ३८० युरो, तीन मुलींमध्ये एक स्वयंपाकघर. बांगडा तिकडे मिळतो, तारले तर कितीही, पण नारळ नाही, मग डब्यातल्या नारळाच्या दुधात सोलां घालून हुमण, म्हणजे माशाची आमटी. घर आतून गार. गोव्याच्या मुलीला पावसाचं काय, असं आम्हाला वाटलं होतं, आणि पोर्तोला पाऊस भरपूरच, पण तो थंडीतला पाऊस, कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, भिंतीला बुरशी, आणि हीटर लावला की वीजबिलावरून रूममेटशी भांडण. डिसेंबरात एकदा तिचा फोन आला तेव्हा ती जॅकेट, टोपी घालून गादीत बसून बोलत होती. दिवाळीचं सांगायचं राहिलं, नरकासुर जाळला तेव्हा इथे पहाटेचे चार, तिकडे आदल्या रात्रीचे साडेदहा, भावाने व्हिडिओ कॉल लावून फोन वर धरला आणि तिला दिसला फक्त धूर. तरी ती कट होईपर्यंत बघत बसली.

ऑक्टोबरात ती ट्रेनने अवेरोला गेली, पोर्तोहून तासाभरावर, तिथली मिठागरं बघायला. तिथून तिनं जे फोटो पाठवले ते बघून भावोजी प्रथमच या सगळ्या प्रकरणात काही बोलले. तेच चौकोन, तेच मातीचे बांध, तेच लांब दांड्याचं फावडं. फक्त हंगाम उलटा, तिकडे मीठ उन्हाळ्यात, जून ते सप्टेंबर, आपलं पावसाच्या आधी संपतं. भावोजींनी फोटो मोठा करून बांधाची जाडी बघितली आणि म्हणाले, "यांचं अजून चालू आहे, आणि पर्यटक पैसे देऊन बघायला येतात." मग १८७८ च्या कराराची गोष्ट, इंग्रजांनी पोर्तुगिजांशी करार करून गोव्याचं मीठ आपल्या ताब्यात घेतलं आणि धंदा बसला तो बसलाच, हे त्यांच्या आजोबांपासून घरात सांगतात. तिच्या डेझर्टेशनमधला अवेरोशी तुलनेचा भाग त्या एका दिवसातून आला. ट्रेनचं भाडं सोडलं तर फुकट.

तर जानेवारी. एबीची पीडीएफ आली तेव्हा इथलं सेमिस्टर चार सुरू झालं होतं. नवीन एचओडी आले होते, रोटेशनने. त्यांनी चांगल्या मनाने सांगितलं, येईपर्यंत ऑनलाईन बस. सकाळी साडेनऊचा तास म्हणजे पोर्तोत पहाटेचे चार. थंडीत त्यांचं घड्याळ आपल्या साडेपाच तास मागे असतं. ती जवळजवळ तीन आठवडे पहाटे चारला उठून गादीतून इथला तास ऐकायची, मग सकाळी तिकडची परीक्षा. आणि परत आल्यावर कळलं की ऑनलाईन हजेरी मस्टरवर धरता येत नाही, कारण मस्टर वर्गात फिरतं. ७५ टक्क्यांचा नियम. तो भाग शेवटी एचओडींनी स्वतः अर्ज लिहून निस्तरला, त्यांचं मानायला हवं.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ती आली. मार्कांचं ट्रान्सक्रिप्ट मार्चमध्ये मेलने आलं. १५, १४, १६, १३, १७, सगळं वीसपैकी. आम्ही ते घेऊन खिडकीवर गेलो, हो, मी रजा टाकून गेलो, आणि चौदा वर्षांत पहिल्यांदा खिडकीच्या बाहेर उभा राहिलो. आतला मुलगा ओळखीचा, ट्रेनिंगला एकत्र होतो. चांगला मुलगा. त्यानं ॲग्रीमेंट आणि ट्रान्सक्रिप्ट शेजारी ठेवलं आणि म्हणाला, "भाऊ, तीनच जुळतात." बदलाचा फॉर्म दाखवला तर इथली सही नाही. मेलची प्रिंट दाखवली तर त्यानं माझ्याकडे बघितलं. काही बोलला नाही. मीही नाही.

मग क्रेडिटचा घोळ. तो म्हणतो, यांचे तास बघा, आठवड्याला चार, चौदा आठवडे, ५६ तास. आमच्या चार क्रेडिटला साठ लागतात. म्हणजे हे तीनच क्रेडिट धरावे लागतील. आता हे त्याचं चूक होतं, पण का चूक होतं हे समजावायला मला स्वतःला दोन रात्री वाचावं लागलं. ईसीटीएस वर्गातले तास मोजतच नाही. पोराचा सगळा अभ्यास मोजतं, वर्ग, लायब्ररी, रिपोर्ट, परीक्षेची तयारी, एका क्रेडिटला २५ ते ३० तास. सहा क्रेडिटचा विषय म्हणजे निदान दीडशे तास. आपल्याकडचा नवीन क्रेडिट आराखडासुद्धा आता तसाच, क्रेडिटला ३० तास, वर्षाला १२००. त्या हिशेबाने चार क्रेडिट म्हणजे १२०. म्हणजे तिनं जास्तच काम केलं होतं, कमी नाही. वर्गातले ५६ विरुद्ध वर्गातले ६० अशी तुलना केली की युरोपातला कुठलाही विषय आपल्याकडे अपुराच पडणार. आणि तो म्हणाला, "ते मला पटतंय भाऊ, पण सॉफ्टवेअरमध्ये मी काय टाकू, तिथे कॉलमच नाही." मला हसू आलं आणि राग पण आला, कारण हेच वाक्य मी लोकांना किती वेळा ऐकवलंय.

मार्कांचं तर सरळ भागाकार, १५ म्हणजे ७५ टक्के, १३ म्हणजे ६५. पोर्तुगालात दहाला पास. १४-१५ म्हणजे त्यांच्याकडे चांगलं, १६-१७ खूप चांगलं, १८ पासून पुढे उत्कृष्ट, आणि वीस कोणाला सहसा मिळत नाहीत. १७ ला ८५ टक्के म्हणणं ठीक वाटतं, पण १३ ला ६५ म्हटलं की आमच्या ग्रेडमध्ये पोरगी एकदम खाली जाते. यावर उत्तर ट्रान्सक्रिप्टमध्येच होतं. मागच्या पानावर. तिथे त्या संस्थेत कुठले मार्क किती टक्के विद्यार्थ्यांना मिळतात त्याचं टेबल छापलेलं असतं, नेमकं याच कामासाठी. संस्थेकडे जी पीडीएफ इनवर्ड झाली होती ती कोणीतरी प्रिंट काढून एका बाजूने स्कॅन केलेली. मागचं पान फाईलमध्ये नव्हतंच. दोन आठवडे आम्ही सगळे पहिल्या पानावरून वाद घालत होतो.

एप्रिलमध्ये समकक्षतेची कमिटी बसली, त्यासाठी एचओडींनी दोनदा, पोरीने एकदा आणि भावोजींनी न सांगता एकदा अर्ज दिला. निकाल असा. जुळलेले तीन विषय मान्य, पूर्ण चार क्रेडिटने. परिणाम मूल्यांकनाचा बदललेला विषय मान्य, कारण इथला प्रदूषणाचा ऐच्छिक होता. ग्रेड मागच्या टेबलाप्रमाणे. पोर्तुगीज भाषेचे सहा क्रेडिट जादा म्हणून नोंदवणार, पण स्टॅटिस्टिक्सच्या जागी नाही. तिथे त्यांचं चुकलं असं मी म्हणू शकत नाही. भाषा शिकून स्टॅटिस्टिक्स येत नाही. पोर्तोला बाईंनी आणि इथे जुन्या एचओडींनी दोघांनीही ओके म्हटलं, पण कोअर कुठला हे बाईंना माहीत असायचं कारण नव्हतं, ते इथून सांगायला हवं होतं, आणि ओके, प्लीज प्रोसीड लिहिणाऱ्याने टेबल उघडून बघितलंच नव्हतं.

वाचवलं कशाने, तर ऑगस्टमध्ये जाता जाता दिलेल्या त्या एका आयएसएने. तिचे अंतर्गत मार्क सिस्टीममध्ये होते, त्यामुळे स्टॅटिस्टिक्सला ती फक्त लेखीला गैरहजर धरली गेली आणि पुरवणी परीक्षेला बसता आलं, नाहीतर सगळा विषय पुढच्या जुलैपासून पुन्हा. ज्या नोंदणीने पाच एबी आणले त्याच नोंदणीने एक विषय सोडवला. याला काय म्हणायचं ते मला कळत नाही. जूनमध्ये पेपर दिला, पास झाली, डेझर्टेशनची व्हायवा त्यानंतर.

नुकसान झालंच. वर्गातल्या बाकीच्यांची फायनल मार्कशीट जूनअखेर हातात होती, तिची नव्हती, आणि एका रिसर्च फेलोशिपची जाहिरात नेमकी तेव्हाच होती, फायनल मार्कशीट जोडणं सक्तीचं. तो अर्ज गेला नाही. लोक म्हणतात गेलीच नसती तर बरं झालं असतं. तिला विचारलं तर ती म्हणते परत जाईन, पण आधी परीक्षा विभागात जाईन. डेझर्टेशनला तिला जे मार्क पडले ते अवेरोच्या तुलनेमुळे पडले, हे तिच्या गाईडने व्हायवात बोलून दाखवलं. आणि फेलोशिप पुढच्या वर्षी पुन्हा निघेल, असं मी म्हणतो, ताई नाही म्हणत.

मार्कशीट २०२५ च्या सप्टेंबरात मिळाली, चवथ होऊन गेल्यावर. आणायला मी तिच्याबरोबर गेलो, खिडकीवर तोच मुलगा. पुढे रांगेत एक मुलगी उभी होती, ज्युनियर, याच कराराखाली फेब्रुवारीत निघणार होती, हातात लर्निंग ॲग्रीमेंट. भाचीने तिच्या हातातला कागद घेतला, वरून खाली वाचला, आणि विचारलं, "कोअर कुठला गो यातला?" मुलीने बोट ठेवलं. "हा बदलायचा नाही, काही झालं तरी. आणि हे सेमिस्टर तुझ्या नावावरून काढायचा अर्ज दिलास का?" मुलगी म्हणाली कसला अर्ज. भाचीने पर्समधून पेन काढलं आणि दोघी बाजूच्या बाकावर बसल्या. मी मार्कशीटवर सही करून घेत होतो. चार विषयांची नावं इंग्रजीत, त्यातल्या एकाचं स्पेलिंग चुकलेलं, भाषेचे क्रेडिट सगळ्यात खाली बारीक अक्षरात. अर्ज लिहून झाला, मुलीने तो खिडकीत सरकवला. आतल्या मुलाने इनवर्डचा शिक्का मारला, नंबर घातला, झेरॉक्सवर पोच दिली, आणि तिला म्हणाला, "आणि परत येशील तेव्हा ट्रान्सक्रिप्टचं मागचं पान घेऊन ये."